आज विषाणू जिवंत आहे का?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या डॉक्टरांनी या गावात दवाखाना उघडला, तेव्हा सर्दी-तापाचा विषाणू तपासणं ही मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेची गोष्ट होती. घसा बघायचा, छाती ऐकायची, गल्लीत आणखी किती जण तापाने पडलेत ते विचारायचं आणि औषध लिहायचं. आता तीच तपासणी औषधाच्या दुकानातून पिशवीत घालून घरी आणता येते. व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी मला विषय दिला तो असा : श्वसनमार्गाच्या विषाणूंसाठी सर्वांत चांगली चाचणी कोणती? मी सूक्ष्मजीवशास्त्राचा मास्तर. मी काढलेल्या पेपरात असा प्रश्न कधी आला नसता, कारण चांगली म्हणजे कशासाठी चांगली, हे त्यात सांगितलेलंच नाही.

अंगात ताप असलेल्या माणसाला एक प्रश्न नसतो, चार असतात. मला झालंय ते नेमकं काय? औषध घ्यायला हवं का? माझ्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला होईल का? कामावर कधी जाऊ? या चार प्रश्नांची उत्तरं एकाच चाचणीत सापडतील असं निसर्गाने कुठेही कबूल केलेलं नाही. आपण मात्र २०२० मध्ये चारही प्रश्न घेऊन एकाच रांगेत उभे राहिलो आणि एकच कागद मागितला. पुढचा बराचसा गोंधळ तिथून सुरू झाला, असं माझं मत आहे.

थोडं मागे जाऊ. १९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी माणसाचा इन्फ्लुएंझा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला. त्यासाठी त्यांनी फेरेट नावाचा मुंगसासारखा दिसणारा प्राणी वापरला. रुग्णाच्या घशातलं धुवण त्याच्या नाकात सोडलं, आणि त्याला ताप आला, तो शिंकू लागला. तीन वर्षांनी त्याच संस्थेत एक आजारी फेरेट चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस यांच्या तोंडावर शिंकलं आणि दोन दिवसांत ते स्वतः फ्लूने आडवे झाले. चाचणी म्हणून बघाल तर याहून निर्विवाद चाचणी नाही. नमुन्यातला विषाणू जिवंत होता का? होता, त्याने माणूस पाडून दाखवला.

फेरेटच्या जागी पुढे कोंबडीची अंडी आली, मग काचेच्या बाटलीत वाढवलेल्या पेशी आल्या. फ्लूसाठी कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या एमडीसीके पेशी, कोविडसाठी आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातल्या व्हेरो पेशी. नमुना पेशींवर घालायचा आणि त्या मरतात का ते काही दिवस बघत बसायचं. पेशी मेल्या, विषाणू वाढला, तर तो जिवंत होता. याला कल्चर म्हणतात. आजही ‘या माणसाच्या नाकात संसर्ग पसरवू शकेल असा विषाणू आहे का’ या प्रश्नाच्या सर्वांत जवळ कल्चरच जातं. पण त्याला दिवस लागतात, हात कसलेले लागतात, आणि कोविडसारखा विषाणू असेल तर वरच्या दर्जाच्या जैवसुरक्षेची प्रयोगशाळा लागते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत ते होतं, तालुक्याच्या रुग्णालयात होणार नाही. म्हणून दवाखान्यात कल्चर नाही. दवाखान्यातल्या इतर सगळ्या चाचण्या कल्चरच्या जागी बसवलेले बदली कामगार आहेत, आणि प्रत्येकाला वेगळंच काम येतं.

त्यातली अँटिबॉडी चाचणी आधी बाजूला काढतो. ती रक्तातली प्रतिपिंडं शोधते, विषाणू शोधतच नाही. शरीराला प्रतिपिंडं तयार करायला आठवडा-दोन आठवडे लागतात. जुन्या काळी फ्लूचं निदान असं करत : एक रक्ताचा नमुना आजारात घ्यायचा, दुसरा दोन-तीन आठवड्यांनी, आणि प्रतिपिंडं चौपट वाढली का ते बघायचं. तोवर रुग्ण एकतर बरा झालेला असे किंवा नसे. साथीचा अभ्यास करायला पद्धत उत्तम, समोरच्या रुग्णासाठी निरुपयोगी. तरीही एप्रिल २०२० मध्ये आपल्या देशाने चीनमधून अँटिबॉडीची झटपट किट्स मागवली. राजस्थानने ती आधीच पॉझिटिव्ह ठरलेल्या रुग्णांवर लावून पाहिली तर ५.४ टक्के अचूकता मिळाली. २१ एप्रिलला आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, राज्यांना दोन दिवस थांबायला सांगितलं आणि २७ तारखेला किट्स परत पाठवायला सांगितली. सगळा राग किटच्या दर्जावर निघाला. तो योग्यही होता. पण किट अव्वल दर्जाचं असतं तरी तापाच्या तिसऱ्या दिवशी आलेल्या माणसाला त्याने बहुधा निगेटिव्हच ठरवलं असतं. आणि हा धडा आपण आधी गिरवलेला होता. क्षयरोगाचं निदान रक्तातल्या प्रतिपिंडांवरून करणाऱ्या किट्सवर भारत सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली होती.

आता आरटी-पीसीआर. कॅरी मलिस यांना पीसीआरची कल्पना १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. विषाणूच्या आरएनएची आधी डीएनए प्रत काढायची, मग तिच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती दुप्पट, पुन्हा दुप्पट करत जायच्या. साधारण चाळीस फेऱ्या. कितव्या फेरीत यंत्राला चमक दिसली तो आकडा म्हणजे तुमच्या रिपोर्टवरची सीटी व्हॅल्यू. विषाणू जास्त असेल तर चमक लवकर दिसते, म्हणून आकडा लहान. सव्वातीन-साडेतीन फेऱ्यांचा फरक म्हणजे सुमारे दहापट विषाणू. वीस आणि तीस या आकड्यांत जवळपास हजारपट अंतर आहे.

या यंत्राची ताकद अफाट आहे आणि त्याची अडचणही तीच आहे. ते आरएनएचा तुकडा शोधतं. तो तुकडा पेशीत घुसायला सज्ज असलेल्या अखंड विषाणूचा आहे की मेलेल्या विषाणूच्या अवशेषाचा, हे त्याला कळायचं काही साधन नाही. धुळवडीच्या सकाळी मैदानातली राख पाहून रात्री होळी पेटली होती हे कुणीही सांगेल; आत निखारा आहे की नाही, हे नुसतं राखेकडे बघून सांगता येत नाही.

कोविडच्या पहिल्या काही महिन्यांतच हे दिसून आलं. म्युनिकमधल्या नऊ रुग्णांचा अभ्यास एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आजाराच्या आठव्या दिवसानंतर घेतलेल्या एकाही नमुन्यातून विषाणू वाढवता आला नाही, आरएनए मात्र पुढेही भरपूर सापडत राहिला. कॅनडातल्या विनिपेगमध्ये ९० पॉझिटिव्ह नमुने पेशींवर घातले, त्यातले २६ वाढले. सीटी २४ च्या वर गेलेला किंवा लक्षणं सुरू होऊन आठ दिवसांहून जास्त झालेला नमुना वाढलाच नाही. दक्षिण कोरियात बरे होऊन घरी गेलेले लोक पुन्हा पॉझिटिव्ह येऊ लागले आणि जगभर घबराट पसरली. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने अशा २८५ जणांचा माग काढला. त्यांच्यातल्या १०८ जणांचे नमुने कल्चरला घातले, एकातही विषाणू वाढला नाही.

भारतात सुरुवातीला रुग्णाला घरी सोडायला चोवीस तासांच्या अंतराने दोन निगेटिव्ह रिपोर्ट लागत. खडखडीत बरी झालेली माणसं वॉर्डात रिपोर्टची वाट बघत पडून असत आणि बाहेर खाटांसाठी हाका. ८ मे २०२० ला नियम बदलला. सौम्य आजाराच्या रुग्णाला लक्षणं सुरू होऊन दहा दिवस झाले आणि तीन दिवस ताप नसेल, तर चाचणीशिवाय घरी. लोकांना तो खाटा वाचवायचा सरकारी बहाणा वाटला. शास्त्राच्या बाजूने बघाल तर त्या काळात घेतलेल्या शहाण्या निर्णयांतला तो एक होता. त्या प्रश्नापुरती दिनदर्शिका आरटी-पीसीआरपेक्षा सरस ठरली.

तिसरी अँटिजेन चाचणी, जिला सगळे ‘रॅपिड’ म्हणतात. ती विषाणूचं प्रथिन पकडते. कागदासारख्या पट्टीवर सोन्याच्या सूक्ष्म कणांना चिकटवलेली प्रतिपिंडं असतात. थेंब पुढे सरकतो, प्रथिन असेल तर ‘टी’समोर रेघ उमटते. इथे प्रती काढणं नाही, वाढवणं नाही. प्रथिन डोळ्याला दिसण्याइतकं असेल तरच रेघ. म्हणजे विषाणू भरपूर हवा.

या जातीच्या पट्टीची अब्रू २००९ मध्येच गेली होती. स्वाईन फ्लूच्या साथीत, ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला आणि नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्याच महिन्यात अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने तिथल्या झटपट फ्लू किट्सची तपासणी प्रसिद्ध केली : नव्या एच१एन१ विषाणूच्या दहा पॉझिटिव्ह नमुन्यांपैकी किटनुसार चार ते सात पकडले जात होते. पुढे १५९ अभ्यासांचा एकत्रित हिशेब झाला, त्यात संवेदनशीलता, म्हणजे खऱ्या बाधितांतले किती पकडले, ६२ टक्के आणि विशिष्टता, म्हणजे बाधा नसलेल्यांतल्या किती जणांना बरोबर ‘नाही’ म्हटलं, ९८ टक्के निघाली. पट्टी ‘आहे’ म्हणाली तर विश्वास ठेवा, ‘नाही’ म्हणाली तर ठेवू नका, असा त्याचा सरळ अर्थ. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने २०१७ मध्ये फ्लूच्या पट्ट्यांसाठी किमान दर्जाची अट घातली आणि कमकुवत किट्स बाजारातून हटली.

१४ जून २०२० ला आयसीएमआरने कोविडच्या पहिल्या अँटिजेन किटला मान्यता दिली, तेव्हा आपले आकडे स्वतःच छापले होते : संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के, विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के. म्हणूनच सूचना दोन भागांची होती. पॉझिटिव्ह आला तर तो पॉझिटिव्हच धरा. लक्षणं असून निगेटिव्ह आला तर आरटी-पीसीआर करा. पहिला भाग सगळ्यांनी पाळला. दुसऱ्या भागाची आठवण केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सप्टेंबरमध्ये राज्यांना पुन्हा करून द्यावी लागली.

अशी अर्ध्या-निम्म्या रुग्णांना चुकवणारी चाचणी मग हवी कशाला? हा प्रश्न मला सहकाऱ्यांनी अनेकदा विचारला आहे, आणि त्यात तुच्छता असते. पण ती कुणाला चुकवते ते बघा. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यातले मुख्य आकडे १५२ अभ्यासांवरून काढलेले होते. लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या आठवड्यात संवेदनशीलता सुमारे ८१ टक्के, दुसऱ्या आठवड्यात सुमारे ५४. विषाणू जेव्हा मुबलक असतो तेव्हा पट्टी पकडते, ओसरल्यावर सोडून देते. दुसऱ्या आठवड्यात ज्यांना आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह म्हणते आणि पट्टी निगेटिव्ह, त्यातल्या बऱ्याच जणांच्या नाकात उरलेले असतात ते अवशेष. आरटी-पीसीआरला खरं मानून मोजलं तर पट्टी नापास होते. आज मी दुसऱ्याला देऊ शकतो का, या प्रश्नावर मोजलं तर तिचे गुण बरेच वाढतात. परीक्षक कोण, यावर निकाल ठरतो.

याचा दुसरा टोकाचा दाखला आरएसव्ही या विषाणूत मिळतो. तान्ह्या मुलांची छाती भरून आणणारा हा विषाणू. मुलांच्या नाकात तो खच्चून असतो, म्हणून मुलांत पट्टीची संवेदनशीलता ८१ टक्के. प्रौढांत विषाणू कमी आणि थोडेच दिवस असतो, तिथे तीच पट्टी २९ टक्क्यांवर येते. पट्टी तीच, कारखाना तोच. सत्तरीच्या दमेकरी बाईंना बालवॉर्डातली पट्टी लावून ‘आरएसव्ही नाही’ असं लिहिणं म्हणजे काहीच न तपासता लिहिण्यासारखं आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी मी या भाषणाला उभा राहिलो तो. एप्रिल २०२१, दुसरी लाट, महाराष्ट्रात रोज हजारो पॉझिटिव्ह. राज्य सरकारने आयसीएमआरला विचारलं : पॉझिटिव्ह ठरवण्याची सीटीची मर्यादा ३५ ऐवजी २४ करता येईल का? आयसीएमआरने नाही म्हटलं. २४ केली तर संसर्ग पसरवणारे अनेक रुग्ण सुटतील. 

माझ्या मते उत्तर बरोबर होतं आणि प्रश्नही रास्त होता. प्रश्न रास्त, कारण ३४ आलेला प्रत्येक माणूस संसर्ग पसरवणारा नव्हता, हे विनिपेग आणि म्युनिकने दाखवलं होतं. उत्तर बरोबर, कारण सीटी हा वजनकाट्यावरचा आकडा नाही. किट बदललं, कोणता जनुक शोधला ते बदललं, स्वॅब घेणाऱ्याचा हात बदलला की आकडा बदलतो. नाकपुडीच्या दारातच काडी फिरवून आणली तर भरपूर विषाणू असलेल्या माणसाचाही ३० येईल. विनिपेगचा २४ हा त्या प्रयोगशाळेतला, त्या किटचा २४ होता. तो नाशिकला जसाच्या तसा लागू पडत नाही.

आणि दुसरं कारण याहून मोठं. संसर्गात विषाणू चढतो आणि उतरतो. चढताना झपाट्याने, उतरताना रेंगाळत. सीटी ३० हा थांबा त्या वाटेवर दोनदा येतो. लक्षणं येण्याच्या आदल्या दिवशी ३० आलेला माणूस दुसऱ्या दिवशी २० वर असेल, घरभर विषाणू पसरवेल. बाराव्या दिवशी ३० आलेला माणूस निर्धास्त जेवायला बसू शकतो. रिपोर्टवर दोघांचा आकडा सारखा. फरक सांगणारी माहिती प्रयोगशाळेत नसते, रुग्णाच्या तोंडात असते : ताप कधी आला, कुणाच्या संपर्कात आलात. आपल्या स्वॅबच्या फॉर्मवर ‘लक्षणं सुरू झाल्याची तारीख’ असा रकाना होता. तो रकाना जितका कोरा, तितका सीटीचा आकडा बिनकामाचा. तरीही लोक फोनवर एकमेकांना सीटी विचारत होते, जसा त्याच वेळी ‘स्कोअर किती आला?’ विचारत होते. तो स्कोअर एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या स्कॅनचा; हे स्कॅन फुप्फुसाचं झालेलं नुकसान दाखवतं, विषाणू दाखवत नाही. विषाणू गेल्यावरही तो स्कोअर बरेच दिवस टिकतो.

सक्रिय संसर्ग थेट ओळखायला काही प्रयोगशाळांनी वेगळी वाट धरली. विषाणू पेशीत वाढताना त्याच्या आरएनएचे काही छोटे मधले तुकडे तयार होतात. ते सापडले तर वाढ चालू आहे, असा तर्क. पण ते तुकडेही वाढ थांबल्यावर काही काळ टिकून राहतात, असं पुढे दिसलं. तिथेही राखच.

एक हिशेब फळ्यावर मांडतो. चाचणीची संवेदनशीलता ८० टक्के आणि विशिष्टता ९९ टक्के धरा. साथ ओसरलेली आहे, हजारात दहाच बाधित. दहातले आठ सापडतील. उरलेल्या ९९० निरोगी लोकांतले दहा जण चुकून पॉझिटिव्ह येतील. अठरा पॉझिटिव्हपैकी खरे आठ. आता लाटेचं शिखर घ्या, हजारात तीनशे बाधित. २४० सापडले, चुकीचे पॉझिटिव्ह फक्त सात. पॉझिटिव्ह जवळपास सोन्यासारखा. पण निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन निघालेल्या ७५३ जणांत ६० बाधित आहेत. पट्टी बदललेली नाही, गाव बदललं. कोविडच्या काळात विमानतळावर लक्षणं नसलेल्या प्रवाशांकडून ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट मागत, तेव्हा चढत्या संसर्गाचा प्रश्न तर वेगळाच राही. तीन दिवस हा विषाणूच्या आयुष्यात फार मोठा काळ आहे.

यंत्रं, किंमत आणि वेळ यांबद्दल थोडक्यात. क्षयरोगासाठी आणलेली जीनएक्सपर्ट आणि ट्रूनॅट ही यंत्रं कोविडमध्ये जिल्ह्या-तालुक्यांना फार उपयोगी पडली. ट्रूनॅट बनवणारी मोलबायो ही गोव्याची कंपनी. यंत्र बॅटरीवर चालतं, तासाभरात उत्तर देतं. मार्च २०२० मध्ये खासगी आरटी-पीसीआरची कमाल किंमत ४५०० रुपये होती, जूनमध्ये महाराष्ट्राने ती २२०० वर आणली. चाचण्यांची तुलना करणारे तक्ते संवेदनशीलतेचा रकाना ठळक छापतात. रिपोर्ट किती वेळात हातात येतो, हा रकाना मी त्याच्या शेजारी ठेवेन. फ्लूचं ओसेल्टामिविर हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत दिलं तर सर्वांत उपयोगी. चौथ्या दिवशी आलेला अचूक रिपोर्ट त्या रुग्णासाठी इतिहासाचा कागद असतो.

चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यातल्या दोन घेतो. पहिली : नातवाच्या नाकाचं मोठं पॅनेल केलं, त्यात ऱ्हायनोव्हायरस आला, औषध काय द्यायचं? या पॅनेलमध्ये एकाच स्वॅबवर वीसेक जंतू शोधतात. ऱ्हायनोव्हायरस हा साध्या सर्दीचा विषाणू आणि तो खेळत्या, धडधाकट मुलांच्या नाकातही आठवडे सापडतो. पॅनेलमध्ये तो आला म्हणून आजाराचं कारण तोच, असं ठरत नाही. नातू खेळतोय आणि दूध पितोय, तर औषध नको आणि पुन्हा पॅनेलही नको. तेवढ्या पैशांत त्याची फ्लूची लस होईल.

दुसरी : ताप आहे, घसा दुखतोय, घरच्या किटवर निगेटिव्ह आला, आता काय? एका निगेटिव्हवर थांबू नका. एफडीएने २०२२ मध्ये घरच्या कोविड किटबद्दल सांगितलं ते असं : लक्षणं असतील तर ४८ तासांनी पुन्हा करा, लक्षणं नसून संपर्क झाला असेल तर ४८ तासांच्या अंतराने तीनदा. दोन दिवसांत चढणारा विषाणू पट्टीच्या आवाक्यात येतो. मधले दोन दिवस मास्क लावा, वेगळ्या खोलीत झोपा. आणि वय साठीच्या पुढे असेल, मधुमेह असेल किंवा दम लागत असेल, तर दुसऱ्या पट्टीची वाट बघू नका. सरळ दवाखाना गाठा. तिथे आधी बोटाला ऑक्सिमीटर लागेल, स्वॅब त्यानंतर.